रुळाकाठची पायवाट : आधी घर, मग बाग

लोकल कळव्याहून मुंब्र्याकडे निघाली किंवा कल्याण सोडून विठ्ठलवाडीकडे वळली की दारातून रुळाला खेटून असलेल्या वस्त्या दिसतात. पत्र्यांच्या छपरांमधून एखादा पंचशील ध्वज फडकत असतो, कुठे छोटे बुद्ध विहार, कुठे बाबासाहेबांचा फोटो लावलेले मंडळाचे कार्यालय. या वस्त्यांतली मुले रुळाच्या कडेला मिळेल त्या पट्ट्यात क्रिकेट खेळतात. वयस्कर मंडळी संध्याकाळी रेल्वेच्या भिंतीवर बसतात. बायका पलीकडच्या बाजाराला जाताना रूळ ओलांडतात, कारण पूल लांब आहे. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 नुसार रुळावर असे जाणे हा गुन्हा आहे. सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणजे इथल्या माणसाची रोजची पायवाट कायद्याच्या भाषेत अतिक्रमण ठरते.

दुसरीकडे जगातल्या मोठ्या शहरांनी जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालण्याचे आणि सायकलचे रस्ते केले आहेत. न्यूयॉर्क, शिकागो, सिंगापूर इथले सुंदर व्हिडिओ आपल्या तरुणांच्या मोबाइलवरही येतात. ‘आपल्या ठाणे-कल्याणात असे का नाही?’ हा प्रश्न त्यातून पडतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला नाही, तर आपलीच फसगत होईल. पायवाट झाली, तेव्हा तिच्या काठावर राहणारी माणसे कुठे गेली? आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो. रुळाकाठच्या मोकळ्या जागेवर सार्वजनिक पायवाट ही आपल्या समाजाची मागणी असली पाहिजे, पण ती घराच्या हक्काच्या आधी नव्हे, तर घराच्या हक्कासोबत.

इथे बंद लाईन आहे कुठे?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. तेव्हापासून आजपर्यंत या पट्ट्यातले रूळ वाढतच गेले आहेत. 1916 मध्ये पारसिकचा बोगदा सुरू झाला. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे लोकार्पण 18 फेब्रुवारी 2022 रोजी झाले. तरीही गाड्या पुरत नाहीत. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला, हे आपण विसरलेलो नाही. ज्या भागात माणसे दारात लटकून कामाला जातात, तिथे चालू लाईनवर बाग करा, असे कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

मुंबई परिसरात बंद पडलेल्या लाईनचे काय झाले, याचे एक जुने उदाहरण आहे. अंधेरी ते ट्रॉम्बे अशी साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे 1928 मध्ये सुरू झाली आणि 1934 मध्ये बंद पडली. तिच्या खुणा इतक्या पुसल्या गेल्या की कुर्ला-कालिनाचा ‘सीएसटी रोड’ म्हणजे छत्रपती शिवाजी टर्मिनसचा रस्ता, असेच अनेकांना वाटते. खरे तर ते नाव सेंट्रल साल्सेट ट्रामवेवरून आले आहे. त्या लाईनच्या जागेतून लोकांसाठी चालायची वाट काही निघाली नाही.

विदर्भात वेगळेच चित्र आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी बंद पडली, तेव्हा तिथल्या लोकांनी सायकल ट्रॅक मागितला नाही. गाडी पुन्हा सुरू करा, ब्रॉडगेज करा, यासाठी त्यांनी आंदोलने केली. गरीब माणसासाठी ती स्वस्त गाडी हाच आधार होता. त्यामुळे एखादी लाईन ‘जुनी’ आणि ‘निरुपयोगी’ आहे, हे ठरवताना आधी तिच्या काठच्या माणसाला विचारले पाहिजे.

मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीत हा विषय कुठे लागू होतो? रुळांना नाही, तर रुळांच्या बाजूच्या जमिनीला. वापराबाहेर गेलेल्या सायडिंग, रिकाम्या पडलेल्या रेल्वे वसाहती, उड्डाणपुलांखालच्या जागा, हद्दीच्या भिंतीलगतचे पट्टे आणि मुंबईला पाणी नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडा. ही सगळी सार्वजनिक मालकीची जमीन आहे. तिचे काय करायचे, हा येत्या काळातला मोठा प्रश्न आहे.

फायदा खरा आहे

काही कार्यकर्ते म्हणतील, बागा आणि जॉगिंग ट्रॅक हे टॉवरवाल्यांचे चोचले आहेत. हे आम्हाला मान्य नाही. मोकळ्या जागेची सर्वांत जास्त गरज दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यालाच असते. केंद्र सरकारच्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची 12 लाखांवर होती. त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या, ते आपण रोज बघतो. त्या मानाने आपल्या वस्त्यांच्या वाट्याला किती मैदाने आली, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या वॉर्डात करून पाहावा.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. म्हणजे रोज वीस-पंचवीस मिनिटे भराभर चालणे. मधुमेह आणि रक्तदाब आता आपल्या वस्त्यांतही घरोघरी आहेत. डॉक्टर ‘चाला’ म्हणून सांगतो, पण बाईने कुठे चालायचे? रस्त्यावर रिक्षा, कडेला गाड्या, गटारावर फुटलेल्या लाद्या आणि संध्याकाळनंतर अंधार. दिवे असलेली, सलग, गाडी न येणारी वाट तिच्यासाठी औषधाइतकीच गरजेची आहे.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. तथागतांनी भिक्खूंना चंक्रमण शिकवले. अंगुत्तर निकायात चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद येते, परिश्रमाची क्षमता वाढते, आजार कमी होतात, अन्न नीट पचते आणि चालताना मिळवलेली चित्ताची एकाग्रता जास्त काळ टिकते. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्यांवर झाडे लावल्याची आणि विहिरी खोदल्याची नोंद आहे, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. त्याच मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे अवशेष आपल्या जवळच्या सोपाऱ्याला सापडले आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या लोकांची नावे कोरलेली आहेत. पादचाऱ्याची सोय करणे हे राज्याचे काम आहे, ही कल्पना या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीच रुजली होती.

आणखी एक आठवण प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. शाळकरी भीमराव परळच्या चाळीत राहत होते. घर लहान, माणसे जास्त. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांची नजर त्यांच्यावर पडली. पुढे केळुस्कर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बाबासाहेबांच्या बुद्धाकडे जाण्याच्या प्रवासाची सुरुवात त्या पुस्तकापासून झाली. त्या बागेच्या दारात तिकीट असते, तर? आज ठाण्यात 2024 मध्ये सुरू झालेल्या नमो ग्रँड सेंट्रल पार्कमध्ये जायला तिकीट काढावे लागते. म्हणून सार्वजनिक जागा ‘असणे’ आणि ती आपल्याला ‘मिळणे’ यातला फरक नीट समजून घेऊ.

जिथे केले, तिथे काय झाले?

न्यूयॉर्कची हाय लाईन ही जुनी उन्नत मालगाडीची लाईन. तिचा पहिला टप्पा 2009 मध्ये बाग म्हणून खुला झाला. जगभरातून पर्यटक आले आणि आजूबाजूला महागड्या इमारती उभ्या राहिल्या. मात्र जवळच्या सरकारी घरकुलांत राहणाऱ्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना ती बाग आपली वाटली नाही. तिच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट हॅमंड यांनी 2017 मध्ये हे अपयश जाहीरपणे कबूल केले. बाग कशी दिसावी, हे आम्ही लोकांना विचारले; तुमच्यासाठी काय करता येईल, हे विचारायला हवे होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

शिकागोत ‘606’ नावाची सुमारे 4.3 किलोमीटरची पायवाट जून 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या पश्चिम टोकाला प्रामुख्याने लॅटिनो कष्टकरी कुटुंबे राहत होती. 2013 मध्ये काम सुरू झाल्यापासून तीनेक वर्षांत त्या भागातल्या घरांच्या किमती सुमारे 48 टक्क्यांनी वाढल्या, असे डीपॉल विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने दाखवून दिले. स्वस्त घरे पाडून महाग घरे बांधण्याला आळा घालणारे नियम शहराने नंतर केले, पण तोवर अनेक भाडेकरू निघून गेले होते.

अटलांटा हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव. तिथे जुन्या रेल्वेमार्गांच्या सुमारे 35 किलोमीटरच्या वर्तुळावर ‘बेल्टलाईन’ उभी राहत आहे. रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्याने 1999 मध्ये प्रबंधात ही कल्पना मांडली होती. किंग जन्मले त्या परिसराजवळूनही ही वाट जाते. परवडणाऱ्या घरांकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, या कारणासाठी खुद्द ग्रॅव्हल यांनीच 2016 मध्ये प्रकल्पाशी संबंधित मंडळाचा राजीनामा दिला.

या तिन्ही ठिकाणी पायवाट चांगलीच झाली. झाडे आली, लोक चालू लागले, मुले सायकल शिकली. चूक पायवाटेत नव्हती. जमिनीची किंमत वाढणार हे माहीत असूनही काठावरच्या माणसाचे घर आधी सुरक्षित केले नाही, ही ती चूक.

तानसा ते माहुल

यासाठी अमेरिकेत जायचीही गरज नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांनी मुंबईला जाते. या वाहिन्यांच्या काठावर मुंबईत अनेक दशके झोपडपट्ट्या होत्या. वाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने दिला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर महापालिकेने मुलुंडपासून धारावीपर्यंत सुमारे 39 किलोमीटरचा सायकल आणि चालण्याचा मार्ग आखला.

कागदावर ही योजना रेल्वेमार्गाच्या पायवाटेसारखीच: सलग पट्टा, गाड्यांपासून दूर, अनेक स्टेशनांना जोडणारा. पण त्या पट्ट्यावरून उठवलेल्या हजारो कुटुंबांना कुठे पाठवले? चेंबूरजवळ माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच चिंता व्यक्त केली होती. माणसे आजारी पडली, मुलांच्या शाळा सुटल्या, घरकाम करणाऱ्या बायकांची कामे गेली. ऑक्टोबर 2018 पासून या कुटुंबांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून ‘जीवन बचाओ आंदोलन’ केले. अखेर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडे द्या, असे सांगितले.

जलवाहिनीची सुरक्षा महत्त्वाची आहे, सायकल मार्गही चांगला आहे. पण एका माणसाच्या सकाळच्या शुद्ध हवेसाठी मोकळ्या झालेल्या जागेवरचा दुसरा माणूस विषारी हवेत पाठवला गेला, याला विकास म्हणता येणार नाही.

रुळाकाठची नोटीस

आता ठाणे-कल्याणकडे परत येऊ. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरतच्या रेल्वेकाठच्या वस्तीच्या प्रकरणात आदेश दिला. त्यात विस्थापित कुटुंबाला सहा महिने दरमहा 2,000 रुपये देण्याची तरतूद होती. डोंबिवलीत दोन हजारांत काय भाड्याने मिळते, हे वाचकांना सांगायला नको. त्यानंतर जानेवारी 2022 मध्ये कळवा, मुंब्रा ते कल्याण पट्ट्यातल्या रेल्वेच्या जागेवरील हजारो घरांवर सात दिवसांत घर रिकामे करण्याच्या नोटिसा लागल्या. लोक रस्त्यावर उतरले, राजकीय पक्षांना भूमिका घ्यावी लागली आणि कारवाई थांबली. थांबली म्हणजे संपली नाही.

खरी अडचण जमिनीच्या मालकीची आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाचा कायदा राज्याचा, जमीन केंद्राची. वस्तीत वीज आहे, मतदान कार्ड आहे, नगरसेवक मते मागायला येतो. पण पुनर्वसनाचा विषय निघाला की रेल्वे राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य रेल्वेकडे. त्याच वेळी सप्टेंबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या जमिनीचे नवे धोरण मंजूर केले. मालवाहतूक टर्मिनलसाठी बाजारभावाच्या दीड टक्के वार्षिक दराने 35 वर्षांपर्यंत जमीन भाडेपट्ट्याने मिळू शकते. रुग्णालये आणि केंद्रीय विद्यालयांसाठी तर वर्षाला चौरस मीटरमागे एक रुपया, असा दर ठेवला आहे. म्हणजे रेल्वेची जमीन समाजोपयोगी कामाला नाममात्र दराने देता येते, हे तत्त्व सरकारने मान्य केले आहे. मग रुळाकाठच्या माणसाचे घर, अभ्यासिका आणि चालण्याची वाट यांना ते का लागू होऊ नये?

या रुळांवर आपल्या पूर्वजांचा घाम सांडला आहे, हे भावनेपोटी म्हणत नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो, बढतीची दारे त्याला बंद असतात, हे त्यांनी तिथे मांडले. ज्यांनी खडी टाकली आणि रूळ सांभाळले, त्यांच्याच नातवंडांना आज त्या जमिनीवर ‘अतिक्रमणकर्ते’ म्हटले जाते.

चवदार तळ्याचा धडा

सार्वजनिक जागेचा हक्क कसा मिळवायचा, हे आपल्या चळवळीला कुणी शिकवायची गरज नाही. 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण पाण्याला हात लागला तो 20 मार्च 1927 रोजी, लोक चालत तळ्यावर गेले तेव्हा. आणि न्यायालयाचा अंतिम निकाल आला मार्च 1937 मध्ये. चौदा वर्षांत ठराव, सत्याग्रह आणि कोर्ट या तिन्ही गोष्टी कराव्या लागल्या.

रुळाकाठच्या पायवाटेलाही हेच लागू आहे. आराखड्यात ‘उद्यान’ लिहिले म्हणजे ते आपले झाले, असे नाही. गेट, तिकीट, वॉचमन आणि वेळेचे बंधन यांतून माणूस बाहेर ठेवता येतो. आज जात विचारून कुणी अडवणार नाही. ‘तुम्ही सोसायटीतले का?’ एवढे विचारले तरी पुरते.

आपण काय करायचे?

योजना जाहीर झाल्यावर विरोध करणे सोपे असते, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आताच करायची काही कामे सुचवतो.

पहिले, माहिती. आपल्या भागातली रेल्वेची कोणती जमीन वापरात नाही, कोणती भाडेपट्ट्याने द्यायची आहे, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या विकास आराखड्यात त्या जागांवर कोणते आरक्षण आहे, तेही तपासा.

दुसरे, आपली स्वतःची नोंद. प्रत्येक वस्तीतल्या मंडळाने घरोघरी सर्वेक्षण करून कुटुंबे, राहण्याचे पुरावे, शाळेत जाणारी मुले आणि कामाची ठिकाणे यांची यादी तयार ठेवावी. सरकारी सर्वेक्षण येईल, तेव्हा हीच यादी कामाला येते. आपल्यातले कायद्याचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी हे काम सुट्टीत करू शकतात.

तिसरे, अटी. रुळाकाठच्या कोणत्याही सुशोभीकरणाला आपला पाठिंबा पुढील अटींवर असावा. पात्र कुटुंबांचे पुनर्वसन त्याच वॉर्डात आणि जागा मोकळी करण्याच्या आधी. प्रवेशाला तिकीट नाही. वस्तीच्या बाजूनेही प्रवेशद्वार, केवळ टॉवरच्या बाजूने नाही. दिवे, महिलांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, बसायला बाके आणि अभ्यासिका. आणि सर्वांत आधी, रूळ ओलांडण्यासाठी जवळचा पादचारी पूल, कारण चालता-चालता जीव जाणार नाही याची खात्री ही कोणत्याही पायवाटेची पहिली अट आहे. भाजीवाल्या आणि वडापाववाल्यांनाही तिथे जागा हवी; पथविक्रेता कायदा 2014 त्यांच्या बाजूने आहे.

चौथे, मित्र जोडणे. रुळाकाठी फक्त बौद्ध राहत नाहीत. मुस्लिम, आदिवासी, भटके-विमुक्त, उत्तर भारतीय मजूर, सगळे तिथे आहेत. नोटीस येते तेव्हा ती जात-धर्म बघून येत नाही. एकट्या विहाराचे निवेदन फाइलमध्ये राहते. दहा वस्त्यांचे एकत्र निवेदन आयुक्तांना आणि रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना वाचावे लागते.

विकास आराखड्यात बदल करताना नागरिकांच्या हरकती-सूचना मागवणे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नुसार बंधनकारक आहे. सोसायट्यांचे प्रतिनिधी तिथे लेखी म्हणणे मांडतात. आपण जयंतीची मिरवणूक शिस्तीने काढतो, हजारोंच्या भोजनदानाचे नियोजन करतो. तेवढीच तयारी एका लेखी हरकतीसाठी लागते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास विहारात थांबून आपल्या भागाचा नकाशा उघडा आणि रुळाकाठचा एक पट्टा निवडा. तिथे आज कोण राहते आणि उद्या तिथे काय हवे, हे त्या वस्तीतल्या बायकांना विचारूनच लिहून काढा.

जय भीम, नमो बुद्धाय.